पाणी किती फुटांवर?

नमस्कार, श्रोतेहो. जुलै-ऑगस्टच्या रात्री सांगलीतला माणूस आडवा होताना मोबाईल उघडतो आणि आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलंय ते बघतो. मग कोयनेतून विसर्ग किती सोडलाय ते. मग परत आयर्विन. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे आपल्याकडं पोराटोरांनाही पाठ. ज्यांनी २०१९ चा पूर सोसला, त्यांना ‘विचार करू नका’ असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

शिवाय तो सल्ला उलटतो. १९८७ साली अमेरिकेत डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञानं विद्यार्थ्यांना बजावलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. पुढं मोकळीक दिल्यावर तर या मंडळींच्या डोक्यात अस्वल जास्तच नाचलं!

तेव्हा काळजीला हाकलू नका, वेळ नेमून द्या. संध्याकाळी अर्धा तास, रोज तीच वेळ, तीच जागा. अंथरूण मात्र नको. दिवसा ती डोकावली की वहीत एक ओळ टाकायची आणि म्हणायचं, बाई, सहाला ये. हसू नका, १९८३ पासून मानसशास्त्रात ही रीत तपासलेली आहे. त्या अर्ध्या तासात नुसतं कुढत बसायचं नाही. पाणी चाळिसावर गेलं तर कागदपत्रं माळ्यावर, जनावरं मिरजेला पाहुण्यांकडं, आजीची औषधं वेगळ्या पिशवीत, असं नीट लिहून काढायचं. काय करायचं ते ठरलं की मन तोच पाढा घोकायचं बरंचसं थांबवतं.

उद्याच्या कामांचंही तेच. २०१८ मधल्या एका अमेरिकन प्रयोगात झोपण्याआधी पाच मिनिटं अशी यादी करणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा साधारण ९ मिनिटं लवकर झोप लागली. माणसं ५७ च होती, पण वही-पेनाला खर्च तो काय?

तरी दोन वाजता जाग आलीच, तर एक शब्द घ्या. समजा, हळद. ‘ह’वरून हंडा, हरभरा, हत्ती, एकेक वस्तू डोळ्यांसमोर आणायची, रेंगाळायचं, पुढं जायचं. ‘ळ’ला काही मिळणार नाही, तो सोडा.

आणि आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर वहीवर भागवू नका. डॉक्टरांना भेटा, किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन लावा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो.