ऑगस्टमधल्या सामन्यांची किंमत

[पडद्यावर: डेट्रॉइट लायन्स, 2008]

ऑगस्ट 2008. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमधला डेट्रॉइट लायन्स हा संघ भलताच जोरात होता. हंगामाआधी चार सराव सामने झाले आणि चारही लायन्सनी जिंकले. मग सप्टेंबर उजाडला, खरा हंगाम सुरू झाला. 16 सामने होते आणि लायन्स 16 च्या 16 हरले. 16 सामन्यांच्या हंगामात एकही विजय नाही, असं त्याआधी एनएफएलमध्ये कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं.

नऊ वर्षांनी, 2017 मध्ये, क्लीव्हलँड ब्राउन्सचंही तेच झालं. सराव सामन्यांत चारपैकी चार, हंगामात 16 पैकी शून्य.

मग या सराव सामन्यांचा उपयोग काय? संघांनी ते मनावर घ्यावेत, की उरकून टाकावेत? अमेरिकेत दर ऑगस्टमध्ये हा वाद रंगतो. लायन्स आणि ब्राउन्सची नावं त्यात हटकून निघतात. पण त्या दोन संघांवरून एवढंच कळतं, की ऑगस्टमधल्या निकालावर भरवसा ठेवू नये. ते का, हे समजायला हे सामने खेळतं कोण, ते पाहावं लागेल.

[पडद्यावर: सराव शिबिर]

उन्हाळी शिबिरात एका संघाकडे 90 खेळाडू असतात. हंगामासाठी ठेवायचे असतात 53. सराव सामन्यात पहिल्या फळीतले नावाजलेले खेळाडू उतरलेच तर सुरुवातीची काही मिनिटं. मग दुसरी फळी येते, मग तिसरी. सामन्याच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्ये मैदानावर असतात ती मुलं, ज्यांची नावं समालोचकालाही कागदात पाहून घ्यावी लागतात. सामना जिंकायचा की हरायचा हे बऱ्याचदा तीच ठरवतात, आणि त्यांतली बरीचशी आठवडा-दोन आठवड्यांत संघाबाहेर असतात. लायन्सचे ते चार विजय या हिशेबात मोडतात.

आता एका सामन्यापाशी थोडं थांबू.

[पडद्यावर: सेंट लुइस, 28 ऑगस्ट 1999]

सेंट लुइस रॅम्स. आदल्या हंगामात 16 पैकी 12 सामने हरलेला संघ. प्रशिक्षक डिक व्हर्मील यांनी त्या वर्षी ट्रेंट ग्रीन नावाचा नवा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून डाव चालवणारा मुख्य खेळाडू, आणला होता. हा मुलगा सेंट लुइसमध्येच वाढलेला, त्यामुळे गावाला त्याचं अप्रूप. समोर सॅन डिएगो चार्जर्स. ग्रीनने त्या संध्याकाळी 11 पास टाकले आणि 11 ही अचूक पोचले. मग पुढचा पास सोडताना चार्जर्सचा रॉडनी हॅरिसन त्याच्या डाव्या गुडघ्यावर येऊन आदळला. गुडघ्याचा लिगामेंट तुटला. सराव सामन्यात, जिथे गुणतक्त्यात एक गुणही मिळत नाही, तिथे ग्रीनचा अख्खा हंगाम संपला. पत्रकारांसमोर बोलताना व्हर्मील यांना रडू आवरलं नाही.

त्याच्या जागी आला कर्ट वॉर्नर. वय 28. पाच वर्षांपूर्वी ग्रीन बे पॅकर्स या संघाच्या शिबिरातून त्याला घरी पाठवलं होतं. त्यानंतर आयोवातल्या सीडर फॉल्समध्ये, एका किराणा सुपरमार्केटात, रात्रपाळीत तो फळ्यांवर माल लावायचा. ताशी साडेपाच डॉलर. पुढे बंदिस्त सभागृहात खेळल्या जाणाऱ्या अरीना फुटबॉलमध्ये गेला, मग ॲमस्टरडॅमच्या संघात. 1999 च्या सुरुवातीला क्लीव्हलँडचा नवा संघ उभा राहत होता आणि जुन्या संघांनी देऊ केलेल्या खेळाडूंतून त्यांना निवड करायची होती. रॅम्सनी देऊ केलेल्यांत वॉर्नर होता. क्लीव्हलँडने त्याला घेतलं नाही.

त्या हंगामात वॉर्नरने 41 टचडाउन पास टाकले. चेंडू समोरच्या संघाच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवून गुण मिळवणं, म्हणजे टचडाउन. लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. 30 जानेवारी 2000 रोजी अटलांटात रॅम्सनी टेनेसी टायटन्सना 23-16 असं हरवून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. त्या सामन्याचा मानकरीही वॉर्नरच.

ही गोष्ट नशिबाची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात ट्रेंट ग्रीन दिसत राहतो. गावचा मुलगा, आयुष्यातली मोठी संधी, आणि तो शेजारी उभा राहून दुसऱ्याचा विजय बघतोय. कुठलाही प्रशिक्षक हा सौदा आपणहून करणार नाही. त्यामुळे पुढच्या पिढीतल्या प्रशिक्षकांनी मुख्य खेळाडू झाकून ठेवायला सुरुवात केली, तर त्यांना दोष देता येत नाही.

[पडद्यावर: लॉस एंजेलिस रॅम्स, 2018]

यात सगळ्यांत पुढे होते रॅम्सच. संघ तोवर लॉस एंजेलिसला गेला होता आणि प्रशिक्षक होते तरुण शॉन मॅक्वे. 2018 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ आणि चेंडू घेऊन धावणारा टॉड गर्ली यांना एका क्षणासाठीही मैदानात उतरवलं नाही. टीकाकार म्हणाले, गंज चढेल. रॅम्सनी सुरुवातीचे आठ सामने ओळीने जिंकले आणि सुपर बोलपर्यंत मजल मारली. तिथे न्यू इंग्लंडकडून हरले ते वेगळं. 2021 मध्ये मॅथ्यू स्टॅफर्डलाही असंच बाजूला ठेवलं, आणि त्या हंगामाचा सुपर बोल रॅम्सनी जिंकला.

त्याआधी, 2020 मध्ये, कोविडमुळे सगळेच सराव सामने रद्द झाले होते. हंगाम ठरल्या वेळी सुरू झाला. नावाजलेला क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी टॅम्पा बेकडून पहिल्यांदाच खेळत होता. नवा संघ, नवे साथीदार, सराव सामना एकही नाही. पहिला सामना तो हरला, शेवटचा जिंकला, आणि शेवटचा म्हणजे सुपर बोल.

एवढं झाल्यावर प्रश्न मिटला, असं वाटेल. पण सिनसिनाटी बेंगल्सकडे पाहा. मुख्य खेळाडूंना ऑगस्टमध्ये जपणारा हाही संघ. 2022 मध्ये पहिले दोन सामने हरले. 2023 मध्ये पुन्हा पहिले दोन. 2024 मध्ये पहिले तीन, आणि तो हंगाम 9 विजय, 8 पराभवांवर संपून बाद फेरी थोडक्यात हुकली. क्वार्टरबॅक जो बरोला 2022 मध्ये अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेने आणि 2023 मध्ये पोटरीच्या दुखापतीने शिबिरातच गाठलं होतं, हे खरं. तरीही सप्टेंबरमध्ये घालवलेला एक सामना जानेवारीत किती महाग पडतो, हे त्यांना पुरतं कळलं. 2025 मध्ये प्रशिक्षक झॅक टेलर यांनी बरो आणि मंडळींना सराव सामन्यांत नीट खेळवलं. पहिले दोन्ही सामने जिंकले. मात्र त्यांतल्या दुसऱ्याच सामन्यात बरोच्या पायाच्या अंगठ्याला गंभीर दुखापत झाली. दुखापतीला सामना खरा की सरावाचा, हे कळत नाही.

हल्ली संघ दुसऱ्या संघाला बोलावून एकत्र सराव करतात. तिथे क्वार्टरबॅकच्या अंगावर वेगळ्या रंगाची जर्सी असते, त्याला हात लावायचा नाही असा नियम. प्रशिक्षकांना हवी ती परिस्थिती पुन्हा पुन्हा खेळवता येते, आणि डावपेच शिकवायला हे उत्तम आहे. पण नेटमध्ये तासभर फटके मारणं आणि भर मैदानात बाउन्सर झेलणं यात जो फरक, तोच इथे आहे. समोरचा सव्वाशे किलोचा माणूस आपल्याला खरोखर आडवं करायला येतोय, हे अंगाला कळावं लागतं. पकडून पाडण्याचा, म्हणजे टॅकलचा, सराव तर आता शिबिरातही फार होत नाही. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या 2011 च्या करारानंतर, पूर्ण संरक्षक पोशाख चढवून दिवसातून दोनदा सराव घेणं बंद झालं. त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांत टॅकल सुटताना दिसतात, आणि त्याचं मला नवल वाटत नाही.

इथवर आपण बोललो ते ताऱ्यांबद्दल. माझ्या लेखी हे सामने त्यांचे नाहीतच.

[पडद्यावर: न्यू जर्सी, 16 ऑगस्ट 2010]

न्यू जर्सीतलं नवंकोरं स्टेडियम. तिथला पहिलाच एनएफएल सामना, जायंट्स विरुद्ध जेट्स, आणि तोही सरावाचा. जायंट्सकडे व्हिक्टर क्रूझ नावाचा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, होता. जवळच्याच पॅटरसन शहरातला. ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, सात फेऱ्यांत 32 संघांपैकी एकानेही त्याचं नाव पुकारलं नव्हतं. त्या रात्री त्याने 6 झेल घेतले, झेलांतून 145 यार्ड अंतर मिळवलं, 3 टचडाउन केले. त्याला संघात ठेवणं भाग पडलं. पहिलं वर्ष दुखापतीत गेलं. दुसऱ्या वर्षी 1,536 यार्ड, जायंट्सच्या इतिहासातला तेव्हाचा विक्रम. त्याच स्टेडियममध्ये, त्याच जेट्सविरुद्ध, नाताळच्या आदल्या दिवशी 99 यार्डांचा टचडाउन. आणि फेब्रुवारी 2012 मध्ये सुपर बोल.

एकत्र सरावात क्रूझ कुणाच्या नजरेत भरला असता का? कदाचित. पण सरावात चेंडू कुणाकडे जाणार, हे बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. सामन्यात तसं नसतं.

[पडद्यावर: ऑगस्टअखेर, संघाचं कार्यालय]

ऑगस्टच्या शेवटी कपातीचा दिवस येतो. 32 संघ, प्रत्येकी 37 माणसं, म्हणजे 1,100 हून अधिक खेळाडूंची नावं यादीतून जातात. काहींना सराव पथकात जागा मिळते, बाकीचे घरी. निरोप आणणाऱ्या माणसाला खेळाडू ‘टर्क’ म्हणतात. तो दारात येतो आणि सांगतो, प्रशिक्षकांनी बोलावलंय, प्लेबुक (डावपेचांची वही) घेऊन ये. प्लेबुक घेऊन यायला सांगितलं, की समजायचं. हंगामाचा पगार सप्टेंबरमधल्या सामन्यांपासून सुरू होतो, म्हणजे या मुलांच्या हाती पडतो तो शिबिराचा भत्ता. त्यांनी मागितलेलं असतं एवढंच, की आम्हाला खऱ्या खेळात पाहा आणि मग ठरवा.

प्रेक्षकांचंही एक गाऱ्हाणं आहे, आणि ते रास्त आहे. हंगामाचं तिकीट घेणाऱ्याला सराव सामन्यांचंही तिकीट घ्यावं लागतं, तेही वर्षानुवर्षं पूर्ण दराने. ज्या सामन्यात संघ स्वतः आपले मुख्य खेळाडू उतरवत नाही, त्याचे पूर्ण पैसे चाहत्याकडून घेणं, हे मला पटत नाही.

हे सामने आता कमी होत चालले आहेत. 1978 पासून चार होते, 2021 मध्ये हंगाम 17 सामन्यांचा झाला तेव्हा तीन उरले. आयुक्त रॉजर गुडेल यांनी हंगाम 18 वर न्यायचा आणि सराव सामने दोनवर आणायचे, अशी इच्छा उघड बोलून दाखवली आहे. तसं झालं तर पहिला मार बसेल तो तळातल्या मुलांना. म्हणून दोनच सामने ठेवायचे असतील, तर मुख्य खेळाडूंना सुरुवातीचे एक-दोन ड्राइव्ह, म्हणजे चेंडू ताब्यात असतानाच्या सलग चढाया, खेळवून बाहेर घ्यावं आणि उरलेला सगळा वेळ या मुलांना द्यावा. तिकीट निम्म्या दरात विकावं. आणि 18 सामने खेळायला 53 माणसं तशीही अपुरी पडणार आहेत, तेव्हा तो आकडाही खेळाडूंशी होणाऱ्या त्याच करारात वाढवून घ्यावा.