डब्यातली कवळी

(बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावी, वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. इथून बोलावणं आलं तेव्हा मी एकच गोष्ट मागितली होती. घरात वापराविना पडलेली कवळी असेल तर ती सोबत आणायला सांगा, म्हटलं. समोर तीन-चार जणींच्या मांडीवर डबे दिसताहेत. एका काकांनी रुमालात गुंडाळून आणली आहे. फार बरं वाटलं. आजचं बोलणं त्या डब्यांबद्दलच आहे.

कवळ्या बसवण्याचं काम मी आयुष्यभर केलं. डब्यात जाऊन पडते ती बहुतेक वेळा खालची कवळी असते. वरची तोंडात, खालची फडताळात. माझ्या आईचंही तसंच झालं होतं. मी तेव्हा शिकत होते. सुट्टीला घरी आले की आई वरचे दात लावून हसायची, आणि भाकरी मात्र आमटीत कुस्करून गिळायची. खालची कवळी लुगड्यांच्या पेटीत होती. दुखली म्हणून काढून ठेवली, परत दाखवायला गेली नाही. परत यायचं असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मलाही तेव्हा विचारायचं सुचलं नाही. त्याची खंत अजून आहे, म्हणून जिथे बोलावतील तिथे जाऊन मी हेच सांगते.

खालचीच का टाकली जाते ते समजून घ्या, म्हणजे कवळीवरचा राग कमी होईल. दोन काचा ओल्या करून एकमेकींवर ठेवल्या तर त्या सहज सुटत नाहीत. वरच्या कवळीचं तसंच आहे. ती टाळूभर पसरलेली असते, मधे लाळेचा पातळ थर असतो आणि कडेने गाल-ओठ तिला मिठी मारून असतात. खाली टाळू नाही. जागा घोड्याच्या नालेसारखी, आणि मधे जीभ, जी सतत हलते. त्यात दात गेले की जबड्याचं हाड झिजत जातं, पावसाळ्यात बांध खचावा तसं. खालचं हाड वरच्यापेक्षा सुमारे चौपट वेगाने झिजतं. म्हणजे खालची कवळी मुळातच अवघड जागी बसलेली आहे. ती हलली तर दोष तुमचा नाही, आणि दरवेळी डॉक्टरांचाही नाही.

म्हणून माझी पहिली विनंती कवळीच्या आधीची आहे. ‘बाई, राहिलेले चार दात पण काढून टाका, एकदाची कटकट जाऊ दे,’ असं म्हणत लोक येतात. घाई करू नका. खालचे दोन सुळे, अगदी त्यांची मुळं जरी धड असली, तरी त्यांच्यावर कवळी टेकवता येते आणि त्या जागचं हाड टिकतं. सगळं गेलंच असेल आणि ऐपत असेल, तर खाली दोन इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात घालायचे स्क्रू, बसवूनही कवळी अडकवता येते. काढायला लागणारे दात काढावेच लागतात. पण धड दात कंटाळ्यापोटी काढू नका.

दात काढल्यावर साधारण दोन-तीन महिने हिरडी भरू द्यावी लागते. लग्नकार्य आहे म्हणून लगेच कवळी हवी असेल तर तीही मिळते, पण पहिल्या सहा महिन्यांत हाड झपाट्याने आटतं. कवळी सैल होते आणि आतून पुन्हा भरून घ्यावी लागते. हा खर्च आधीच धरून चला.

कवळीला चार-पाच खेपा लागतात. आधी साधं माप, मग नेमकं माप, मग मेणाचे कठडे तोंडात ठेवून वरचा-खालचा जबडा कुठे मिळतो ते पाहणं, मग मेणावर दात लावून दाखवणं. ही चौथी खेप सगळ्यात महत्त्वाची. आरशात बघा, घरचं माणूस सोबत न्या, आवडलं नाही तर तिथेच बोला. मेण हलवता येतं. एकदा साच्यात घालून गुलाबी प्लॅस्टिक शिजलं की दात हलत नाहीत.

आणि त्या मेणाच्या कवळीवर मराठीत बोलून बघा. हे मी मुद्दाम सांगते. दातांची उंची बरोबर आहे का ते ‘स’च्या उच्चारावरून कळतं. आपल्याकडे साठपासून सत्तरपर्यंत मोजायला लावलं की काम होतं: एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट. सगळा सकार-षकाराचा बाजार आहे! दात फार उंच लागले असतील तर तिथे वरचे-खालचे एकमेकांवर खटखटतात. आता बेळगावात तुमचं माप घेणारी मुलगी धारवाडची, विजापूरची असेल. ती बिचारी आपुलकीने ‘अरवत्तु’पासून, म्हणजे कन्नडमधल्या साठपासून, मोजायला सांगेल. त्यात ‘स’ नाही. तुम्ही आपले मराठीत मोजा. मग ‘चाक’, ‘जरा’, ‘झाड’ म्हणा. हे दंतमूलीय, म्हणजे जीभ दातांच्या मुळाशी टेकवून म्हटलेले, च-ज कन्नडमध्ये नाहीत, त्यामुळे ते बिघडले तर तिच्या कानाला कळेलच असं नाही, तुमच्या कानाला कळेल. सांगितलंत तर ती नक्की ऐकून घेईल.

आता पहिले पंधरा दिवस. कवळीचं नशीब इथे ठरतं. तोंडात काहीतरी कोंबल्यासारखं वाटेल, लाळ सुटेल, उमासा येईल. लाळ दोन-चार दिवसांत आवरते. खाण्याची सुरुवात मऊ भात, कण्या, आंबील यांनी करा. घास लहान घ्या आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावा, कारण एका बाजूने चावलं की दुसरी बाजू उचलते. पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही. पेरू, कणीस, ऊस हे सोडा. भाकरी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, तीही ताजी आणि हाताने मोडून. करदंट, ती सुक्यामेव्याची चिकट वडी, मात्र नकोच, त्याचा गूळ आणि डिंक कवळी ओढून बाहेर काढतो. चहा जपून प्या. टाळू झाकलेली असते, तिला चटका कळत नाही आणि घसा भाजतो.

दुखणार, लाल होणार. तेव्हा कवळी पेटीत न टाकता डॉक्टरांकडे जायचं. जाण्याच्या आदल्या दिवशी मात्र ती लावून ठेवा, म्हणजे कुठे घासते त्याची खूण हिरडीवर दिसते आणि नेमकं तेवढंच घासून देता येतं. पहिल्या महिन्यात दोन-तीनदा जावं लागतं. घरी चाकूने, कानशीने घासू नका. मोडली तर फेविक्विक लावू नका. तुकडे जपून आणा, जुळवून देता येतात. फेविक्विकने वाकडे चिकटलेले तुकडे पुन्हा जुळत नाहीत.

सांभाळणं सोपं आहे, रोज व्हायला हवं एवढंच. जेवण झालं की पाण्याखाली धुवा. रात्री मऊ ब्रश आणि साधा साबण. टूथपेस्ट नको, तिने बारीक ओरखडे पडतात आणि त्यांत घाण साठते. धुताना खाली पाण्याने भरलेलं घमेलं ठेवा. हातातून निसटली आणि फरशीवर पडली की संपली. उकळतं पाणी कधीही नाही, आकार बिघडतो. आणि रात्री काढून पाण्याच्या वाटीत. कोरडी राहिली तरी आकार सोडते. ‘यजमानांपुढे बिनदाताचं कसं निजायचं’ असं एक आजी लाजत म्हणाल्या होत्या. मला त्यांची लाज कळते. पण हिरडीला विश्रांती मिळाली नाही की टाळू लालभडक होते, बुरशी धरते. जपानमध्ये ८५ वर्षांपुढच्या माणसांच्या अभ्यासात कवळी लावून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनिया दुपटीहून अधिक आढळला. दिवा मालवल्यावर काढा, पण काढा.

थोडे दात असतील त्यांची अर्धी कवळी तारेच्या आकड्यांवर बसते. ती बोटांनी बसवा, चावून बसवली की आकडे वाकतात. आकडा ज्या दाताला धरतो तो दात सगळ्यात आधी किडतो, त्याला जास्त घासा. एक-दोन दातांची बारकी कवळी तर झोपेत गिळली जाते, आणि नुसतं प्लॅस्टिक एक्स-रेत दिसत नाही.

आता मिश्रीबद्दल. निपाणीकडच्या तंबाखूच्या वखारींत आयुष्य घालवलेल्या कितीतरी बायका माझ्याकडे आल्या. दात गेले, मिश्री राहिली. कवळीखाली मिश्री दाबून ठेवणाऱ्याही पाहिल्या. त्यांच्यावर रागावून काही होत नाही. पण एवढं ऐका. कवळीने झालेली जखम घासून घेतल्यावर भरते. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, हे कवळीचं म्हणून सोडू नका, लगेच दाखवा. कवळी नीट बसत असली तरी वर्षातून एकदा तोंड दाखवायचं ते यासाठी.

पैशाचं. बेळगावात केएलईचं आणि मराठा मंडळाचं अशी दोन दंत महाविद्यालयं आहेत. शिकणारी मुलं काम करतात, वर शिक्षक असतात. वेळ जास्त लागतो, पैसे कमी लागतात. बीपीएल कार्डवाल्या, दात नसलेल्या ज्येष्ठांना मोफत कवळी देण्यासाठी कर्नाटक सरकारची दंतभाग्य योजना आहे, तिची चौकशी तिथेच करा. अर्ज कन्नडमध्ये असतो, तेव्हा नातवाला सोबत न्या. तो शाळेत शिकलाय, वाचून सांगेल. ‘आता किती दिवस राहिलेत, कशाला खर्च’ असं म्हणून घरच्यांनी हे टाळू नये. आई जेवते की नुसतं गिळते, एवढं ताटावर बसून बघा.

आता डबे उघडा. खिडकीपाशी उजेड चांगला आहे, मी तिथे बसते. आधी वाटीत पाणी घ्या आणि कवळी त्यात ठेवा. कोरडी कवळी तोंडात घालू नका. फार दिवसांपूर्वीची असेल तर हाड बदललेलं असणार, तिला आतून भरून घेता येईल का, की नवीच लागेल, ते मी बघून सांगते. रुमालवाले काका, तुम्ही आधी या.