पंपावर साखर चढली की आधी सेट बघा

नमस्कार मंडळी. गेले पंधरा दिवस तुमचा एकच प्रश्न येतोय, "ताई, इन्सुलिन पंप घेतलाय, सुरुवात कशी करू?" म्हणून आज बसलेच.

ओळख पटकन करून घेऊ. हा पंप. आत हे रिझर्व्हॉयर, त्यात इन्सुलिन. इथून नळी निघते, तिच्या टोकाला कॅन्युला, म्हणजे कातडीखाली राहणारी मऊ, बारीक नळी. नळी आणि कॅन्युला मिळून झाला सेट. दिवसरात्र थोडं थोडं जातं ते बेसल, जेवणासाठी बटण दाबून देतो ते बोलस. सेट दर दोन-तीन दिवसांनी बदलायचा आणि दर वेळी नवी जागा, बेंबीपासून दोन बोटं तरी लांब. इन्सुलिन फ्रिजमधून काढून लगेच भरू नका, थंड इन्सुलिनमध्ये बुडबुडे जास्त होतात. बेसल किती, एका युनिटला किती कार्ब्स, म्हणजे जेवणातले पिष्ट-साखरेचे पदार्थ, हे तुमच्या डॉक्टरांनीच बसवून द्यायचं. माझे आकडे मागू नका, मी ते सांगणार नाही. माझा डोस तुमच्या लेकराला लावला तर जिवावर बेतेल.

आता ज्यासाठी बसले ते. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं. इन्सुलिन पेनने टोचत होतात तेव्हा तुम्ही लांब पल्ल्याचं इन्सुलिन घेत होतात, दुपारचा डोस चुकला तरी ते अंगात असायचं. पंपावर तो साठाच नाही. कॅन्युला दुमडली की काही तासांत अंगातलं इन्सुलिन संपतं, कीटोन, म्हणजे इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळतं त्यातून रक्तात साठणारी आम्लं, वाढायला लागतात. म्हणून साखर अडीचशेच्या वर आहे, एक करेक्शन, म्हणजे चढलेली साखर उतरवायचा जादा डोस, देऊन दीड-दोन तास झाले आणि ती हलत नाही, तर पंपातून दुसरं करेक्शन देऊ नका. कीटोन तपासा, डोस पेनने किंवा सिरिंजने द्या, आणि सेट नवा लावा. क्रम हाच.

मी हे चुकवलंय. गेल्या मे महिन्यात मावशीकडे आमरस-पुरी होती. दुपारी साखर ३१०. घरातल्या सगळ्यांनी आमरसाला दोष दिला, मीही दिला. पंपातून करेक्शन दिलं, तासाभराने अजून एक. संध्याकाळी मळमळ, मग उलटी. मावशी म्हणाली, उन्हाचं आहे, पन्हं घे. शेवटी सेट ओढून काढला तर कॅन्युला मधोमध मोडलेली, आणि चिकटपट्टीखालची कातडी ओली. सगळं इन्सुलिन बाहेर जात होतं. त्या पट्टीला दवाखान्यासारखा वास येत होता. तो इन्सुलिनचा वास. एकदा ओळखायला शिका, पुढे खूप उपयोगी पडतो.

कमेंटमध्ये एक दादा लिहितात, "पंप अलार्म देतो, मग एवढी काळजी कशाला?" दादा, अलार्म येतो तो नळीत दाब वाढला की. इन्सुलिन कातडीवर गळत असेल तर दाब वाढतच नाही. पंपाच्या हिशेबी डोस गेलेला असतो. स्क्रीनवर "डिलिव्हर्ड" दिसतं त्याचा अर्थ पंपातून बाहेर पडला एवढाच. तुमच्या अंगात पोहोचला की नाही, ते पंपाला कळत नाही. तो विश्वास ग्लुकोमीटरवर ठेवा. रक्तातले कीटोन दीडच्या वर असतील तर डॉक्टरांना फोन, तीनच्या वर गेले किंवा उलट्या थांबत नसतील तर थेट हॉस्पिटल.

आणि सिरिंजचं बोललेच आहे, तर हे कान देऊन ऐका. आपल्याकडे दुकानात लाल टोपीची सिरिंज सहज मिळते, ती ४० युनिटच्या इन्सुलिनची, म्हणजे एका मिलिलीटरमध्ये ४० युनिट असतात त्याची. पंपातलं इन्सुलिन १०० युनिटचं, त्याला केशरी टोपीचीच सिरिंज लागते. लाल टोपीच्या सिरिंजने दहाच्या खुणेपर्यंत ओढलंत, तर अंगात पंचवीस युनिट जातील. अडीच पट! घाईत, रात्री दोन वाजता ही चूक सहज होते. म्हणून घरात केशरीच ठेवा, किंवा सरळ पेन ठेवा. माझ्या पर्समध्ये पेन, दोन जादा सेट, कीटोन पट्ट्या आणि ग्लुकोजची पुडी कायम असते. लग्नाला जाताना पर्स बदलली तरी ही पिशवी बदलत नाही.

"पंप लावला की सुया सुटल्या ना?" असं विचारणाऱ्या आयांनो, रोजच्या चार-पाच टोचण्या सुटतात, पण टोचायला शिकलेला हात ठेवावाच लागतो. मुलाच्या शाळेतही एक पेन द्या आणि बाईंना तो कधी वापरायचा ते बसून समजावून सांगा.

साडीत पंप कुठे ठेवायचा, हे निम्म्या जणींनी विचारलंय. माझ्या आईने परकराच्या नाडीजवळ आतून सुती खिसा शिवून दिलाय, हा बघा. नळी निऱ्यांच्या आड राहते, आणि पदराजवळून हात घातला की बटण सापडतं.