चाकातली पोलादी चकती

नमस्कार श्रोतेहो.

सिंहगड सायकलने चढणारे पुण्यात पहाटे पहाटे भेटतातच. वर पोहोचायला किती मिनिटं लागली हे प्रत्येक जण हौसेने सांगतो. उतरताना ब्रेक कसे वागले हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. मला आज त्या उतरण्याबद्दल बोलायचं आहे, आणि त्यातही चाकाच्या मध्यावर बसवलेल्या, जेमतेम पावणेदोन-दोन मिलिमीटर जाडीच्या पोलादी चकतीबद्दल. डिस्क ब्रेकमधली डिस्क ती हीच. ब्रेक दाबला की कॅलिपर नावाचा चिमटा दोन बाजूंनी पॅड तिच्यावर दाबतो. दुकानात तिला रोटर म्हणतात.

काही वर्षांपूर्वी श्रावणात मी गडावरून खाली येत होतो. सर नुकतीच ओसरली होती. पायथा जवळ आलेला, आणि वळणावर समोरून जीप वर आली. मी दोन्ही ब्रेक दाबले. लिव्हर घट्ट लागत होती, बोटं दुखेपर्यंत दाबली, पण सायकल थांबेना. जीपवाल्या दादांनी गाडी डोंगराच्या बाजूला दाबली म्हणून मी आज तुमच्याशी बोलतो आहे. पुढे सपाटीवर थांबलो तेव्हा जळका वास येत होता. झाडावरून एक थेंब रोटरवर पडला आणि तव्यावर पडावा तसा चर्र वाजला. रोटरच्या कडेला निळसर-जांभळी झाक आली होती.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने व्हर्नियर लावून मोजलं. एक पूर्णांक तीन मिलिमीटर. मग त्याने रोटरच्या आतल्या दांडीवर कोरलेली बारीक अक्षरं अंगठ्याखाली दाखवली : किमान जाडी १.५. तो एवढंच म्हणाला, ''काका, पॅड तुम्ही तीनदा बदललेत. रोटर एकदाही नाही.''

ती अक्षरं दोन वर्षं माझ्या डोळ्यांसमोर फिरत होती आणि मी ती वाचली नव्हती. बहुतेक नावाजलेल्या कंपन्यांच्या रोटरवर किमान जाडी कोरलेली असते. शिमानोचा रोटर नवा असताना १.८ मिलिमीटर असतो आणि १.५ झाला की काढायचा. इतर कंपन्यांचे आकडे वेगळे, काहींचे रोटर मुळातच २ मिलिमीटरचे किंवा त्याहून जाड. म्हणून दुसऱ्याचा आकडा आपल्या रोटरला लावू नका, आपल्यावर काय कोरलंय ते वाचा.

आता ही चकती एवढी का तापते, ते बघू. तुम्ही आणि सायकल मिळून ८५ किलो धरा. सिंहगडाचा रस्ता पायथ्यापासून साधारण ६०० मीटर उंची चढतो. उतरताना ती सगळी ऊर्जा कुठेतरी जायला हवी. हिशेब केला तर ती पाच लाख ज्यूल भरते. पुण्यातल्या थंडीत नळाचं दीड लिटर पाणी उकळायला लागेल इतकी. त्यातला काही वाटा वारा घेतो, पण तुम्ही घाबरत, हळूहळू उतरलात तर वाऱ्याचा वाटा घटतो आणि ब्रेकचा वाढतो. एका रोटरचं वजन असतं शंभर-सव्वाशे ग्रॅम. पातळ तवा चटकन तापतो आणि भाकरी करपते, जाड तवा दम धरतो. रोटरचंही तसंच. झिजून पातळ झालेला रोटर उष्णता साठवू शकत नाही, ती पॅडमध्ये उतरते, पॅड पकड सोडतो. गडाच्या वळणावर माझं हेच झालं होतं.

म्हणून रोटर निवडताना पहिला प्रश्न वजनाचा नाही, उताराचा आहे. तुम्ही कुठून उतरता, किती लांब उतरता, आणि अंगावर-सायकलवर किती भार घेऊन उतरता?

रोटरचे व्यास १४०, १६०, १८०, २००, २०३ असे मिलिमीटरमध्ये असतात, डोंगरावरून तुफान उतरणाऱ्यांसाठी २२० च्या आसपासही जातात. मोठ्या रोटरने दोन गोष्टी होतात. जात्याचा खुंटा कडेला असतो, मध्यावर नसतो, म्हणून जातं कमी जोरात फिरतं. कॅलिपर जितका चाकाच्या मध्यापासून लांब पकडेल, तितकं चाक कमी जोर लावून थांबतं. १६० चा १८० केलात तर बोटांच्या तेवढ्याच जोरात साधारण आठव्या हिश्श्याने जास्त ब्रेक लागतो. दुसरं, धातू जास्त आणि वाऱ्याला उघडी जागा जास्त, त्यामुळे तो उशिरा तापतो आणि लवकर निवतो. याची किंमत काय? वीस-पंचवीस ग्रॅम. पाण्याच्या बाटलीतले दोन घोट.

रोड बाइकवाल्यांना हे वीस ग्रॅम फार बोचतात, म्हणून मागे १४० ठेवणारे पुष्कळ आहेत. हलक्या अंगाच्या, सपाटीवर पळणाऱ्या सायकलस्वाराला ते चालतं. पण पसरणीचा घाट किंवा वरंधा उतरणार असाल, तर पुढे १६० हवाच, आणि माझं मत विचाराल तर मागेही १६० च. रोड शर्यतींच्या जगाने डिस्क ब्रेक सहजासहजी स्वीकारले नाहीत. २०१६ च्या एप्रिलमध्ये पॅरिस-रूबे शर्यतीत फ्रान व्हेंतोसो या स्पॅनिश सायकलपटूच्या पायाला खोल जखम झाली. ती रोटरनेच झाली असं त्याने सांगितलं, आणि आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने शर्यतींत चाललेला डिस्क ब्रेकचा प्रयोगच थांबवला. पुढे रोटरच्या कडा गोलसर करून घेतल्या गेल्या. २०१७ मध्ये मार्सेल किटेलने डिस्क ब्रेकवर तूर द फ्रान्सचा टप्पा जिंकला, तसं पहिल्यांदाच घडत होतं. २०१८ च्या जुलैपासून पूर्ण परवानगी मिळाली. आज रोटरच्या कडेवरून बोट फिरवलं तर ती बोथट लागते, तिच्यामागे हा इतिहास आहे. बोट मात्र स्वच्छ हवं, आणि रोटर गार.

ग्रॅव्हल बाइकबद्दल, म्हणजे कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांवर चालणाऱ्या सायकलबद्दल, मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्याकडे ती शर्यतीपेक्षा प्रवासाला जास्त वापरली जाते. मागे दोन पिशव्या, हँडलला तंबू, आणि ताम्हिणी उतरून कोकणात. तो दहा-बारा किलोचा भार तुमच्याइतकाच उतरणार असतो, आणि तोही ब्रेकलाच थांबवायचा असतो. इथे १६० ही सुरुवात समजा. तुम्ही नव्वदीच्या पुढचे असाल किंवा सामान घेऊन फिरत असाल, तर पुढच्या चाकाला १८० घ्या. ब्रेक दाबला की सगळा भार पुढे झुकतो, थांबवण्याचं मोठं काम पुढचंच चाक करतं, म्हणून पैसे एकाच रोटरचे असतील तर ते पुढे घाला. पण आधी फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुबेळक्याची, मर्यादा तपासा. किती मोठा रोटर चालेल हे फोर्क बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. मोठा रोटर फोर्कला जास्त पिळतो. मर्यादा १६० ची असेल तर १८० बसवू नका, बसत असला तरी.

आणि कोकणातली लाल माती. जांभ्याचा तो चिखल पॅड आणि रोटरमध्ये गेला की सॅंडपेपरसारखा घासतो. रेझिनचे पॅड शांत असतात, पण अशा पावसात ते एका सहलीत निम्मे होऊ शकतात. धातूचे पॅड टिकतात, उष्णताही सोसतात, फक्त आवाज करतात. मात्र स्वस्त रोटरवर 'फक्त रेझिन पॅड' असं इंग्रजीत कोरलेलं असतं. त्याचं पोलाद मऊ असतं, धातूचा पॅड त्याला भराभर खातो. माझा जुना रोटर याच जातीचा होता, आणि दुकानात मला धातूचे पॅड कुणी न विचारता बसवून दिले होते. तुम्ही विचारा.

माउंटन बाइकचं गणित सोपं आहे. हलक्या पायवाटांना पुढे १८०, मागे १६०. खडकाळ, उभ्या उतारांना पुढे २०० किंवा २०३, मागे १८०. फक्त २०० आणि २०३ हे एकच समजू नका. त्यांचे ऍडॉप्टर, म्हणजे कॅलिपर योग्य अंतरावर धरणारे जोडतुकडे, वेगळे; त्रिज्येतल्या दीड मिलिमीटरच्या फरकाने पॅड रोटरच्या कडेबाहेर लोंबतो.

खरेदीला जाताना आपला हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, बघून जा. सहा स्क्रूंचा रोटर वेगळा, खाचांवर बसवून एकाच रिंगने आवळायचा सेंटरलॉकचा वेगळा. सेंटरलॉक हबवर ऍडॉप्टर घालून सहा स्क्रूंचा रोटर बसवता येतो, उलटं सहसा जमत नाही.

नवा रोटर आणला, की त्याला हाताचं तेल लागू देऊ नका. चेनवर तेल फवारताना तर मागचा रोटर कागदाने झाकाच. लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग पहाटे एखादा रिकामा सपाट रस्ता गाठा. ताशी वीसपर्यंत वेग घ्या, पुढचा ब्रेक हळूहळू दाबत चालण्याच्या वेगावर या, चाक अडकू द्यायचं नाही, पूर्ण थांबायचं नाही. असं वीसेक वेळा. मग मागच्याला. सुरुवातीला ब्रेक गुळगुळीत लागतो, काही लागतच नाही असं वाटतं. दहाव्या-बाराव्या खेपेला आवाज बदलतो, बारीक घरघर येते, आणि लिव्हर पूर्वीइतकीच दाबूनही सायकल आधी थांबायला लागते. पॅडचा पातळ थर रोटरवर चढलेला असतो. तो फरक बोटांना स्वच्छ कळतो. तो कळेपर्यंत घाटाकडे सायकल वळवू नका.

नमस्कार.