कवितांच्या कपाटाजवळचा बॉम्ब

कॅलिफोर्नियातील बर्कली शहर, २८ फेब्रुवारी १९८९. टेलिग्राफ ॲव्हेन्यूवरील ‘कोडीज बुक्स’ या पुस्तकांच्या दुकानात रात्री कोणीतरी काचेतून पेटता बॉम्ब फेकला. आग विझली. सकाळी आवराआवर सुरू असताना कवितांच्या विभागाजवळ जमिनीवर पडलेला एक पाइप बॉम्ब दिसला. तो फुटलेला नव्हता. बाहेर नेणे धोक्याचे असल्याने पोलिसांच्या पथकाने तो दुकानातच उडवला, आणि बाहेर उभे असलेले मालक अँडी रॉस व त्यांचे सहकारी आपल्या दुकानाची इमारत हादरताना पाहत राहिले.

निमित्त होते सलमान रश्दी यांच्या ‘द सॅटनिक व्हर्सेस’ या कादंबरीचे. दोनच आठवड्यांपूर्वी, १४ फेब्रुवारीला, इराणचे आयातुल्ला खोमेनी यांनी लेखकाला आणि पुस्तकातला मजकूर ठाऊक असूनही ते प्रसिद्ध करणाऱ्यांना ठार मारण्याचा फतवा काढला होता. लेखक इंग्लंडमध्ये पोलिसांच्या पहाऱ्यात गेला. विक्रेत्याला मात्र लपता येत नाही, कारण सकाळी दार उघडून येईल त्याला आत घेणे हाच त्याचा धंदा असतो.

वॉल्डनबुक्स, बी. डाल्टन आणि बार्न्स अँड नोबल या अमेरिकेतील मोठ्या साखळी दुकानांनी त्याच आठवड्यात हे पुस्तक मांडणीवरून काढून घेतले. कर्मचाऱ्यांच्या जिवाची काळजी, हे त्यांनी दिलेले कारण खोटे म्हणता येणार नाही. गल्ल्यावर उभ्या असलेल्या पगारी माणसाने दुसऱ्याच्या कादंबरीसाठी जीव धोक्यात घालावा, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? पण त्या माणसाला कोणी विचारले होते का, हाही प्रश्न उरतोच. लेखक आणि वाचकांकडून टीकेची झोड उठली, तेव्हा काही दिवसांतच या कंपन्यांना माघार घ्यावी लागली.

म्हणजे दुकानांवर दबाव दोन्ही बाजूंनी आला होता, आणि इथे थोडे थांबून पाहायला हवे. एखादे पुस्तक आक्षेपार्ह वाटते म्हणून दुकानदाराला पत्र लिहिणे, दारासमोर फलक घेऊन शांतपणे उभे राहणे, ‘तुमच्याकडून यापुढे काही घेणार नाही’ असे सांगणे, हाही अभिव्यक्तीचाच हक्क आहे, मग ते पुस्तक आपल्याला कितीही प्रिय असो. दुकानदार गिऱ्हाईक गमावण्याचा हिशेब करू शकतो. पेटत्या बाटलीचा हिशेब करता येत नाही. त्याच दिवशी बर्कलीतील वॉल्डनबुक्सच्या दुकानावर आणि तिकडे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ‘द रिव्हरडेल प्रेस’ या स्थानिक साप्ताहिकाच्या कार्यालयावरही बॉम्ब पडले. या साप्ताहिकाने पुस्तक मागे घेणाऱ्या साखळी दुकानांवर अग्रलेखातून टीका केली होती.

कोडीजमध्ये रॉस यांनी निर्णय एकट्याने घेतला नाही. त्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांची बैठक बोलावली आणि पुस्तक ठेवायचे की नाही, यावर मत मागितले. ज्यांना उद्या त्याच काचेमागे उभे राहायचे होते, त्यांनी एकमताने सांगितले की विक्री चालू ठेवायची. शौर्यापेक्षाही या प्रसंगातील रीत मला मोलाची वाटते, कारण धोका ज्यांच्या अंगावर येणार होता, निर्णयही त्यांचाच झाला.

रश्दींच्या जन्मगावी, मुंबईत, विक्रेत्यांवर अशी वेळ आलीच नाही. भारत सरकारने ऑक्टोबर १९८८ मध्येच सीमाशुल्क कायद्याखाली पुस्तकाची आयात रोखली होती, त्यामुळे ठेवायचे की नाही हा प्रश्न गल्ल्यापर्यंत पोहोचण्याआधी बंदरावरच निकालात निघाला. पुढे २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ती अधिसूचना दाखवण्याची वेळ आली, तेव्हा सरकारी खात्यांना तिचा कागदच सापडेना. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये दिल्लीतील एका दुकानात पुस्तक विक्रीला आले.

कोडीजच्या छताला त्या स्फोटाने भोक पडले होते. ते बुजवले गेले नाही. उलट कोणीतरी शेजारी ‘सलमान रश्दी स्मारक भोक’ असे लिहून ठेवले. पुढे काही वर्षांनी स्वतः रश्दी कोणताही गाजावाजा न करता दुकानात आले. रॉस यांनी त्यांना ते भोक दाखवले, तेव्हा ते म्हणाले की काहींच्या वाट्याला पुतळे येतात, काहींच्या वाट्याला भोके.