एका मताने ठरलेला नवोदित

(दृश्य: पाऊस नुकताच थांबलेलं मैदान. लाल, लंबगोल चेंडू ओल्या गवतावरून घसरत येतो आणि भलत्याच दिशेला उडतो.)

मेलबर्न क्रिकेट ग्राउंड आपल्या ओळखीचं आहे ते उन्हाळ्यातलं. २०२२ मध्ये हारिस रौफला कोहलीने मागच्या पायावरून समोर भिरकावलेला षटकार आठवला की हेच मैदान डोळ्यांपुढे येतं. पण क्रिकेटचा हंगाम संपला की इथली खेळपट्टी चक्क उचलून बाहेर नेतात. दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब उभे राहतात, आणि मैदान फूटीचं होतं. फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल.

हा खेळ मुळात क्रिकेटवाल्यांच्याच डोक्यातून निघाला. हिवाळ्यात खेळाडूंची अंगं जड होऊ नयेत म्हणून काहीतरी खेळ हवा, असं टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने १८५८ मध्ये पत्र लिहून सुचवलं. पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये नियम लिहिले गेले.

आजची गोष्ट मात्र या खेळातल्या पोरांची. आणि त्यांच्यावरून दरवर्षी रंगणाऱ्या वादाची.

(दृश्य: ड्रेसिंग रूम. एक मुलगा बुटांची नाडी बांधतोय. हात किंचित थरथरतोय.)

एएफएल, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग, या सर्वोच्च स्पर्धेत १९९३ पासून सर्वोत्तम नवोदिताला 'रायझिंग स्टार' पुरस्कार दिला जातो. १ जानेवारीला वय एकविसाच्या आत हवं आणि हंगामाआधी खेळलेले सामने दहापेक्षा जास्त नकोत. प्रत्येक फेरीनंतर एक नाव जाहीर होतं. हंगामाच्या शेवटी परीक्षक आपापले पाच जण निवडतात: पहिल्याला पाच मतं, दुसऱ्याला चार, असं करत पाचव्याला एक.

आता या पाच-चार-तीनच्या गणितात काय होऊ शकतं, ते २०१४ साली दिसलं.

एका बाजूला ब्रिस्बेन लायन्सचा लुईस टेलर. साडेपाच फुटांच्या थोडा वर, चपळ, पायात चेंडू घुटमळला की तिथे हजर. ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, त्याचं नाव आलं थेट अठ्ठाविसाव्या क्रमांकावर. दुसऱ्या बाजूला वेस्टर्न बुलडॉग्जचा मार्कस बॉन्टेम्पेली. सहा फूट चार इंच, ड्राफ्टमध्ये चौथा. एवढा उंच मुलगा गर्दीतून इतका सहज कसा निसटतो, हे बघणाऱ्याला कळत नसे. त्या हंगामात मेलबर्नविरुद्ध त्याने सीमारेषेला चिकटून, जवळजवळ कोनच नसलेल्या जागेवरून मारलेला गोल आजही दाखवतात.

टेलर बावीसच्या बावीस सामने खेळला. बॉन्टेम्पेली सोळा.

(दृश्य: दोघांचे खेळ शेजारी शेजारी, आवाजाविना.)

निकाल लागला. टेलर जिंकला. एका मताने.

एक मत म्हणजे किती, ते जरा मोजून बघा. टेलरला पहिला आणि बॉन्टेम्पेलीला दुसरा ठेवणाऱ्या एखाद्या परीक्षकाने चहा पिता पिता विचार बदलून नुसती त्यांची अदलाबदल केली असती, तर एकाचं मत घटलं असतं, दुसऱ्याचं वाढलं असतं आणि पुरस्कार दुसऱ्या शहरात गेला असता.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. २०१६ मध्ये बुलडॉग्जनी ६२ वर्षांनी विजेतेपद मिळवलं, आणि वीस वर्षांचा बॉन्टेम्पेली त्या वर्षी क्लबचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढे तो कर्णधार झाला. टेलर २०१९ च्या शेवटी सिडनीला गेला, पण तिथे फारसा चमकला नाही. त्यामुळे आज कुणीही उठतो आणि म्हणतो, परीक्षकांना खेळ कळत नाही.

आम्हाला हे पटत नाही. पुरस्कार त्या हंगामाचा होता, पुढच्या दहा वर्षांचा नव्हे. ड्राफ्टमध्ये तळाच्या संघांना आधी निवड मिळते, म्हणून ही पोरं बहुधा हरणाऱ्या संघातच येऊन पडतात. ब्रिस्बेन त्या वर्षी अठरा संघांत पंधरावं होतं. अशा संघात एकोणिसाव्या वर्षी, दर आठवड्याला मार खाऊन पुढच्या आठवड्यात पुन्हा उभं राहायचं, तेही एकही सामना न चुकवता! सोळा सामन्यांतली जादू आणि बावीस सामन्यांची हजेरी यांत आमचं मत हजेरीला. बॉन्टचे चाहते खुशाल रागावोत.

असाच पेच २०२० मध्ये पडला होता. गोल्ड कोस्टचा मॅट रोवेल पहिल्या काही सामन्यांतच सगळ्यांच्या तोंडी झाला, आणि पाचव्या सामन्यात खांदा निखळून हंगामाबाहेर गेला. पुरस्कार फ्रीमँटलच्या केलेब सेरॉन्गला मिळाला. पाच सामन्यांवर पुरस्कार द्यावा, असं तेव्हा रोवेलचे चाहतेसुद्धा फार जोर लावून म्हणाले नाहीत. रोवेलने २०२५ मध्ये थेट ब्राऊनलो मेडल, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, नेलं, ते वेगळं.

(दृश्य: टॅकल, संथ गतीत. दोन्ही हात जखडलेले, डोकं जमिनीकडे.)

खरा कडू वाद झाला तो २०२४ चा. वेस्ट कोस्टचा हार्ली रीड, ड्राफ्टमधला पहिला. अंगावर येणाऱ्याला एका हाताने दूर सारायचं आणि दुसऱ्या हातात चेंडू घेऊन सुसाट सुटायचं. त्याचं नाव निघालं नाही असा आठवडा गेला नसेल.

मग सेंट किल्डाविरुद्ध त्याने एक टॅकल केला, म्हणजे चेंडूवाल्याला पकडून खाली पाडलं. पकडलेल्या खेळाडूचे हात मोकळे नव्हते. पडताना तो हात टेकवू शकला नाही आणि त्याचं डोकं आपटलं. रीडवर दोन सामन्यांची बंदी आली. क्लबने दाद मागितली, उपयोग झाला नाही. आणि नियम असा की, त्या हंगामात बंदी आलेला खेळाडू हा पुरस्कार जिंकू शकत नाही.

डोक्याच्या दुखापतींनी या खेळातल्या कितीतरी निवृत्त खेळाडूंचं जगणं अवघड केलं आहे. त्यामुळे बंदीबद्दल आमची तक्रार नाही. पण क्षणात चुकलेला टॅकल आणि मुद्दाम हाणलेला ठोसा, दोघांना पुरस्काराचं दार सारखंच बंद? इथे नियमाने जरा डोळे उघडावेत.

पुरस्कार गेला जिलाँगच्या ऑली डेम्प्सीकडे. क्लबमधलं त्याचं ते तिसरं वर्ष होतं. "याला नवोदित कसं म्हणायचं?" असं कुणी विचारलं, तर आपल्या ऋतुराज गायकवाडकडे बोट दाखवावं. आयपीएलचा उदयोन्मुख खेळाडू तो २०२१ मध्ये ठरला, ६३५ धावा करून. चेन्नईकडून पदार्पण मात्र आदल्याच वर्षी झालं होतं.

(दृश्य: पर्थ. संध्याकाळ. कुंपणाला रेललेली दोन शाळकरी मुलं लंबगोल चेंडू एकमेकांकडे लाथाडतायत. एकाच्या पाठीवर रीडचा नऊ नंबर.)