हरभऱ्याएवढं पितळ

(दृश्य: सकाळची वेळ. गॅरेजचं शटर अर्धं वर. लाकडी फळीवर प्लास्टिकची काळी डबी. काळवंडलेली बोटं झाकण उघडतात आणि तळहातावर पितळेचे दाणे ओततात.)

कॅमेऱ्यातले रोल गेले, पण रोलच्या काळ्या डब्या मागं राहिल्या. कोणाकडे त्यांत सुया असतात, कोणाकडे वेलदोडे. कोल्हापुरातल्या या गॅरेजात त्यांत जेट आहेत, हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरमध्ये बसणारे. हरभऱ्याएवढा पितळेचा तुकडा, मधोमध आरपार भोक. भोक एवढं बारीक, की उजेडाकडे धरल्याशिवाय दिसत नाही. मिस्त्री आत्ता तेच करतायत. एक डोळा मिटला, जेट ट्यूबलाइटसमोर धरला आणि नंबर सांगून टाकला. मग चष्मा लावून वाचला. बरोबर निघाला.

टाकी दहा लिटरची असो की पंधराची, गाडी पूर्ण दामटली की इंजिनाला लागणारं जवळजवळ सगळं पेट्रोल या एका भोकातून जातं. म्हणून त्याचं नाव मेन जेट.

(दृश्य: दारात काळी आरएक्स १००. क्रोम घासून चकचकीत, सीट मात्र दोनदा शिवलेली.)

ही यामाहा १९९४ची. आरएक्स १०० भारतात आली १९८५ साली आणि १९९६पर्यंत बनत राहिली. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, ११ हॉर्सपॉवर. आजच्या हिशेबानं आकडे किरकोळच. पण ज्यानं ती दुसऱ्या गिअरमध्ये पिळली आहे, त्याला आकडे सांगत बसायची गरज नाही. गाडी घेतली होती वडिलांनी, आता मुलगा वापरतो, आणि तक्रार घेऊन तोच आलाय.

"मामा, टॉपला धरली की मरतीया गाडी. खाली झकास चालती, वर ओढतच न्हाई. सायलेन्सर तोच, फिल्टर तोच. कशालाबी हात लावलेला न्हाई."

"तू न्हाई लावलास. पंपावर लावलाय."

हे वाक्य मिस्त्रींनी मान वर न करता टाकलं. त्याचा अर्थ कळायला आम्हाला अर्धा दिवस लागला.

(दृश्य: लहान मुलांची दुधाची बाटली, बाजूला मिलिलिटरच्या रेघा.)

ही बाटली कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. मिस्त्रींनी तिच्यात वीसच्या रेघेपर्यंत पाणी भरलं, वर शंभर मिली पेट्रोल ओतलं, बूच लावून खळाखळा हलवलं आणि फळीवर ठेवून दिली. चहा येईपर्यंत थर वेगळे झाले. वर पेट्रोल, खाली पाणी. फक्त खालची रेघ आता वीसवर नव्हती, चाळिशीच्या जवळ गेली होती. पाणी वाढलं कुठून? पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्याला जाऊन मिळालं. शंभर मिलीत वीसच्या आसपास. मोजमाप घरगुती आहे, प्रयोगशाळेचं नाही, पण गिऱ्हाइकाला समजावायला याहून सोपं काही नाही.

पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट देशानं २०२२मध्ये गाठलं. वीस टक्क्यांचं, म्हणजे ई-२०चं, आधी २०३०साठी ठरलं होतं, ते अलीकडे ओढलं आणि २०२५मध्ये गाठलंही. या गॅरेजच्या दारातून हिवाळ्यात दिवसभर उसाच्या ट्रॉल्या जातात. त्या उसाचाच काही भाग डिस्टिलरीतून फिरून शेवटी या गाडीच्या टाकीत येतो. ज्या जिल्ह्यात बिलाची वाट बघणारा शेतकरी आणि गाडी मरते म्हणणारा गाडीवाला बऱ्याचदा एकाच घरात राहतात, तिथं इथेनॉल चांगलं की वाईट हा वाद घालून उपयोग नाही. मिस्त्रीही घालत नाहीत. ते भोकाचं बोलतात.

(दृश्य: कार्बोरेटर बाकावर. तळच्या वाटीचे चार स्क्रू सुटतात, वाटीतलं पेट्रोल ताटलीत.)

कार्बोरेटरला डोकं नसतं. पेट्रोलमध्ये काय मिसळलंय हे त्याला कळत नाही. इंजिन हवा ओढतं, हवा अरुंद गळ्यातून जोरात जाते, तिथला दाब उतरतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर खेचलं जातं. बस. किती खेचायचं हे भोकाच्या मापानं कायमचं ठरवून टाकलेलं असतं. नव्या, इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर असतात, धुराड्यात किती ऑक्सिजन उरला ते बघून कॉम्प्युटर पेट्रोल कमीजास्त करतो. इथं तो कॉम्प्युटर म्हणजे मिस्त्री.

आता हिशेब. साधं पेट्रोल पुरतं जळायला एक किलोला १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या अंगात ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळं त्याला ९ किलो पुरते. वीस टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त पाहिजे, आठ-नऊ टक्क्यांनी. आणि भोक तर १९९४चंच आहे. गाडी लीन झाली ती अशी. लीन म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. उलट झालं की रिच.

तरी सगळ्याच जुन्या गाड्या पंपावरून निघाल्या आणि बंद पडल्या असं झालेलं नाही. कंपन्या जेट ठरवताना हात थोडा सैलच ठेवत. पूर्ण ताकद हवी तर इंजिनाला तसंही थोडं रिच लागतं, आणि टू-स्ट्रोकला तर जास्तीचं पेट्रोल गारवाही देतं. त्या सैल हातावर बऱ्याच गाड्यांचं अजून निभतंय. म्हणूनच मिस्त्रींनी पहिल्यांदा जेटला हात लावला नाही. कार्बोरेटर खोलण्याआधी त्यांनी गाडी स्लोवर ठेवली आणि कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या रबरावर स्प्रे मारला. रबर तडकलेलं असेल तर तिथून चोरटी हवा शिरते, आणि स्प्रे आत ओढला गेला की इंजिनाचा आवाज बदलतो. बदलला नाही. मग पेट्रोलचा कॉक, मग फिल्टर, मग वाटीतल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची उंची. शेवटी जेट. यूट्यूब बघून आलेली पोरं नेमकी उलट्या क्रमानं जातात, असं त्यांचं म्हणणं. आम्ही मान डोलावली. आम्हीही यूट्यूबसाठीच शूट करत होतो.

(दृश्य: जेट कॅमेऱ्याच्या अगदी जवळ. भोकाच्या कडेला पांढरट थर.)

कडेला जमलेली ही पांढरी खर बघा. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. गाडी महिनाभर उभी राहिली की वाटीच्या तळाशी ती ओल धातूला खात बसते, आणि ही खर जेटच्या तोंडाशी येऊन अडते. मुलानं खिशातून सेफ्टी पिन काढून पुढं केली. मिस्त्रींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की पिन परत खिशात गेली. पितळ मऊ असतं. पोलादी पिन एकदा फिरवली की भोक किती झालं ते देवालाच ठाऊक, आणि वर छापलेला नंबर खोटा पडतो. साफ करायचं ते कार्ब क्लीनरनं आणि हवेच्या प्रेशरनं. अगदीच अडलं तर वायरमधली तांब्याची एक तार.

जेट साफ झाला, परत बसला, गाडी फिरवून आणली. फरक पडला, पण पुरेसा नाही. आता इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग.

(दृश्य: शहराबाहेरचा सरळ रस्ता. गाडी लांबून येते. आवाज चढत जातो आणि एकदम तुटतो.)

ही चाचणी अशी. नवा प्लग लावायचा. मोकळ्या रस्त्यावर गाडी पूर्ण थ्रॉटलवर धरायची, मग क्लच दाबून तिथल्या तिथं चावी बंद करायची आणि गाडी नुसती घरंगळत कडेला आणायची. स्लोवर येऊ दिली तर स्लोचा रंग प्लगवर चढतो आणि वाचायचं ते पुसलं जातं. प्लगपाना लावायचा, चटका बसणारच. प्लगच्या टोकाच्या पोर्सिलेनचा रंग बघायचा. बिस्किटासारखा तांबूस असला तर ठीक. काळी काजळी किंवा ओलं तेल म्हणजे रिच. आमच्या कॅमेऱ्यासमोर आलेला प्लग खडूसारखा पांढरा होता.

इथं एक गोष्ट कानानं ऐकण्यासारखी आहे, ती निवेदनात सांगून भागणार नाही, म्हणून दोन आवाज लागोपाठ ऐकवतो. पहिला टू-स्ट्रोक रिच असतानाचा: वर गेला की घोगरा होतो, ब्र्र्र करत अडखळतो. दुसरा लीन असतानाचा.

(ध्वनी: पहिला, मग दुसरा. निवेदन थांबतं.)

दुसरा छान वाटला ना? सणसणीत, एका सुरात. पोरांना हाच आवाज आवडतो. पिस्टन जाम होण्याआधी अनेकदा गाडी अशीच गाते. कारण पेट्रोल कमी पडलं की आतली उष्णता वाढते, पिस्टन फुगतो, बोअरला म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला घासतो, आणि ऐंशीच्या वेगात मागचं चाक एकदम धरतं. ज्यांनी ऑईल पंप काढून टाकून टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑईल थेट पेट्रोलमध्ये मिसळायला घेतलंय त्यांना तर दुहेरी फटका. पेट्रोल कमी आलं म्हणजे त्याच्याबरोबर तेलही कमी आलं. क्लचवर दोन बोटं ठेवून गाडी चालवायची टू-स्ट्रोकवाल्यांची सवय उगाच पडलेली नाही.

(दृश्य: काळी डबी पुन्हा. बोट दाणे वेगळे करतं.)

आता जेट मोठा. किती मोठा? इथं नंबरांचा घोळ आहे. मिकुनी आणि केहिन या कार्बोरेटरच्या दोन कंपन्या. मिकुनीच्या षटकोनी मेन जेटवरचा आकडा साधारण किती पेट्रोल वाहतं ते सांगतो. केहिनचा आकडा भोकाचा व्यास सांगतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. आठ टक्के जास्त पेट्रोल हवं तर पहिल्या पद्धतीत शंभराचा एकशेआठ. दुसऱ्या पद्धतीत एकशेचारच, कारण व्यास थोडा वाढला तरी क्षेत्रफळ दुपटीच्या हिशेबानं वाढतं. दोन्ही कंपन्यांचे शंभर नंबर शेजारी ठेवून एकच समजणारा फसतो. त्यात बाजारात डुप्लिकेट जेट आहेत, त्यांच्यावरचा आकडा म्हणजे शोभेचा. म्हणून मिस्त्रींनी दोन नंबर काढले. आधी मोठा लावला. चूक करायचीच तर रिचच्या बाजूनं करावी, गाडी फार तर धूर काढेल.

मोठा लावल्यावर गाडी वर घोगरली. मधला लावल्यावर मोकळी झाली.

पण मेन जेट म्हणजे शेवटचा पाव भाग, थ्रॉटल पाऊणच्या वर असताना. गावातून चाललेली गाडी तिथं जातच नाही. मधल्या टप्प्यात पेट्रोल ठरवते थ्रॉटलबरोबर वर-खाली होणाऱ्या स्लाइडखाली लटकणारी सुई. सुईच्या डोक्याशी खाचा आणि एका खाचेत क्लिप. क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर उचलली जाते आणि मिश्रण रिच होतं. ऐकायला उलटं वाटतं आणि करताना हमखास चुकतं. अगदी खाली, स्लोवर, पायलट जेट आणि हवेचा स्क्रू. स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर, आणि तिथून पुढं कानानं. मिस्त्रींनी सुई एक खाच उचलली, स्क्रू अर्ध्या फेऱ्यानं आत घेतला. पायलट जेटला हात लावला नाही.

(दृश्य: जुना फोटो. बर्फ, रंगीत पताका, कार्बोरेटरवाली बुलेट, चाकापाशी उकिडवे बसलेले तरुण मिस्त्री.)

भिंतीवरचा हा फोटो लडाखमधल्या खारदुंग ला खिंडीतला. तिथं नेमकी उलटी गोष्ट घडते. पेट्रोल तेच राहतं, हवा बदलते. लेह साडेतीन हजार मीटरवर. तिथली हवा समुद्रसपाटीच्या मानानं सत्तर टक्क्यांच्या आसपास घट्ट. खारदुंग ला ५,३५९ मीटर, तिथं साठ टक्क्यांच्याही खाली. भोकातून येणारं पेट्रोल मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही. बुलेट काळा धूर ओकते, चढावर पहिल्या गिअरमध्येही रडते. तेव्हा जेट लहान करायचा, सुई खाली उतरवायची. आणि मनालीला परत उतरल्यावर आठवणीनं जुना जेट लावायचा. तो विसरून मैदानात दामटलेल्या एका बुलेटचा पिस्टन मिस्त्रींच्या टेबलावर ॲशट्रे म्हणून आहे. महाबळेश्वर, आंबोलीला जाणाऱ्यांनी यातलं काही मनावर घ्यायचं कारण नाही. तेवढ्या उंचीला गाडीपेक्षा माणसालाच जास्त गार लागतं.

एप्रिल २०२०मध्ये बीएस-सिक्स, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे कडक नियम, आलं आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. मिस्त्रींचा मुलगा शेजारच्या गाळ्यात लॅपटॉप घेऊन इंजेक्शनच्या गाड्या बघतो. त्याच्याकडे गर्दी जास्त असते.

(दृश्य: संध्याकाळ. तोच रस्ता. गाडी लांबून येते, आवाज तुटतो. प्लगपाना.)

दुसऱ्या प्लगचा रंग आम्ही कॅमेऱ्यात नीट पकडू शकलो नाही, उजेड गेला होता. मोबाईलच्या टॉर्चमध्ये पाहिला. चहात बुडवून काढलेल्या बिस्किटाचा असतो तसा.

मुलगा म्हणाला, "आता फायनल न्हवं मामा?"

मिस्त्रींनी काढलेला जुना जेट फडक्यात पुसला, उजेडाकडे धरला, काळ्या डबीत टाकला. साइड पॅनेल उघडून आतल्या बाजूला चिकटपट्टी लावली आणि बॉलपेननं नव्या जेटचा नंबर लिहिला. खाली तारीख. तारखेखाली लिहिलं: ई-२०.

(दृश्य: पॅनेल बंद होतं. किक. दोन वेळा नाही, तिसऱ्याला.)